सांगलीतलं घर पुरातून बाहेर आलंय, गणपतीआधी रंग काढायचा की भिंती वाळू द्यायच्या?

सांगलीची_लेक | २१ ऑगस्ट २०१९

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमचं घर सांगलीत गावभागात, आईबाबा दोघंच असतात, मी पुण्यात. यावेळी कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं ते सगळ्यांना माहितीच आहे. २००५ ला ५३ च्या पुढे गेलं तेव्हा आमच्या पायरीला लागून परत फिरलं होतं, म्हणून बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की आपल्या उंबऱ्याच्या आत काही येत नाही, आणि मग एका रात्रीत आलं आणि कमरेच्या वर चढलं, सामान माळ्यावर टाकायलाही वेळ मिळाला नाही, दोघांना गल्लीतल्या पोरांनी बोटीतून काढलं. घरात चार फूट पाणी आणि ते जवळजवळ सहा दिवस तसंच.

आता पाणी ओसरून आठवडा झाला. गाळ काढला, मंडळाची पोरं आणि मामेभाऊ सगळे राबले, फरशी तीन वेळा धुतली. पण भिंती! पाण्याची रेघ चार फुटांवर आहे आणि ओल मात्र साडेपाच-सहा फुटांपर्यंत चढलीये. हात लावला की माठासारखी गार लागते, आणि नखाने जरा खरवडलं तर रंग आणि पुट्टी दुधावरच्या सायीसारखी हातात येते. वास तर सांगायची सोय नाही, दार उघडलं की घशात बसतो. घर ९० च्या आसपासचं, ९ इंची विटेची भिंत, सिमेंटचं प्लॅस्टर, वरून पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट, पाच वर्षांपूर्वीच केलेला.

एक रंगकाम करणारे आलेत, ते म्हणतात आठ दिवसांत ब्लोअर लावून भिंत सुकवतो, वॉटरप्रूफ प्रायमर, पुट्टी, दोन हात रंग, गणपतीआधी घर नव्यासारखं करून देतो, निम्मे पैसे आधी. बाबांना ते फार पटलंय कारण २ सप्टेंबरला चतुर्थी आहे आणि आमच्याकडे गणपती कधीच चुकलेला नाही. ते बोलत नाहीत काही, नुसते त्या भिंतीकडे बघत बसतात. मला मनातून वाटतंय की ओल्या भिंतीवर रंग टिकणार नाही पण मी इंजिनिअर नाही, नक्की काय सांगू त्यांना? आणि बाकी घर कसं वाळवायचं तेही सांगा प्लीज.

चिरेबंदी | २१ ऑगस्ट २०१९

ताई, आधी ते निम्मे पैसे देऊ नका. मी कोल्हापूरला साईटवर २० वर्षं काढलीत, आमच्याकडेही पंचगंगेने यावेळी काही शिल्लक ठेवलं नाही, रोज हेच बघतोय.

भिंतीत किती पाणी आहे त्याचा हिशोब बाबांना सांगा, म्हणजे त्यांनाच पटेल. आपली वीट साधारण तीन किलोची, पूर्ण भिजली की अर्धा लिटर पाणी आरामात पिते. तुमची दहा फूट लांबीची एक भिंत धरा, चार फुटांपर्यंत बुडालेली, ९ इंची. त्यात चारशेच्या वर विटा बसतात. म्हणजे त्या एकाच भिंतीत दोनशे लिटर पाणी आहे, एक मोठं पिंप भरून. ते पिंप आठ दिवसांत ब्लोअरने रिकामं होत नाही हो. ब्लोअरने वरचं अर्धा इंच कोरडं होतं, हाताला बरं लागतं, त्यावर रंग मारला की आतलं पाणी आत कोंडलं.

आमच्यात ढोबळ हिशोब असा धरतात की इंचाला एक महिना. दोन्ही बाजू उघड्या असतील तर ९ इंची भिंतीला साडेचार-पाच महिने, आणि एक बाजू रंगाने, टाइल्सने किंवा कपाटाने झाकलेली असेल तर त्याच्या दुप्पट समजा. पटकन होणारं काम नाही हे.

दुसरं म्हणजे क्षार. पुराचं पाणी काय काय घेऊन आलं तुम्हाला माहितीये, शेतातली खतं, गटारं सगळं. भिंतीतलं पाणी बाहेर येऊन उडून जातं पण क्षार पृष्ठभागावर राहतात, तोच आपण म्हणतो तो लोणा. समोर रंगाचा पडदा असेल तर तो लोणा पडद्याच्या मागे साचतो आणि रंग ढकलून काढतो, आधी फुगे, मग पोपडे. रंग कितीही भारी कंपनीचा घ्या, हेच होणार.

आता करायचं काय. ओलीची रेघ जिथे संपते तिच्या फूटभर वरपर्यंत रंग आणि पुट्टी पूर्ण खरवडून काढा, पत्र्याची पट्टी घेऊन, भिंत ओली आहे तोवर सोपं जातं. घराच्या बाहेरच्या बाजूनेही काढा, बाहेरचा रंग सगळे विसरतात. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने प्लॅस्टर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठेवा, डबडब आवाज आला तर तिथलं प्लॅस्टर सुटलंय, ते पाडा, विटेपर्यंत उघडं करा. स्कर्टिंगच्या टाइल्स काढाच, त्यांच्या मागे सगळ्यात जास्त पाणी असतं. भिंतीला टेकलेलं प्रत्येक कपाट, कॉट, देव्हारा सगळं निदान एक हात पुढे ओढा.

लोणा येईल, पांढरं पीठ दिसेल. तो पाण्याने धुवू नका, धुतला की परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत घ्या आणि घराबाहेर टाका. दर आठवड्याला.

गावभागकर_आप्पा | २१ ऑगस्ट २०१९

पोरी, आप्पा बोलतोय, तुमच्याच भागातला. वरच्या साहेबांनी सांगितलंय ते शंभर टक्के खरं हाय. २००५ ला आमच्या घरात तीन फूट पाणी आलतं. दिवाळीला पाहुणे यायचे होते म्हणून घाई केली, पुट्टी लावली, गुलाबी रंग काढला, लय भारी दिसलं. पुढच्या उन्हाळ्यात एप्रिलमध्ये दुपारी जेवायला बसलो आणि भिंतीवरनं पोपडा पडला तो थेट ताटात. मग हात लावल तिथनं पापडागत सुटत गेलं. परत सगळं खरवडलं, परत खर्च. मालकीण महिनाभर माझ्याशी नीट बोलली न्हाई, घाई मीच केलती.

यावेळी एक केलं, पाणी उतरायला लागलं तसा मी आणि पुतण्या आत शिरलो आणि उतरत्या पाण्यातच खराट्यानं गाळ ढवळत बाहेर ढकलला. आपल्याकडं जुनी माणसं हेच करायची. पाण्यासंगट गाळ जातो तवर जातो, एकदा बसला आणि वाळला की मग सिमेंटागत, टिकावानं खणावा लागतो. तुमचा निघालाय ते बरं झालं, पण ट्रॉलीच्या खाली, जिन्याच्या खाली, बाथरूमच्या जाळीत, दाराच्या चौकटीच्या मागं बघा, तिथं राहतो आणि वास तिथनंच येतो.

आणि शेजारी कुणाचा जुना मातीचा वाडा असला तर त्या भिंतीच्या कडंला आई-बाबांना बसू देऊ नका. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी गेल्यावर ऊन पडलं की पडते, हे मी २००५ लाबी बघितलंय आणि आत्ताबी. तडा दिसला तर त्याच्यावर आडवी काचेची पट्टी प्लॅस्टरनं चिकटवून ठेवायची. काच फुटली म्हणजे भिंत हलतेय, बाहेर निघायचं.

सांगलीची_लेक | २१ ऑगस्ट २०१९

आप्पा, चिरेबंदी दादा, खूप आभार. दोनशे लिटरचं गणित बाबांना फोनवर सांगितलं, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले एका भिंतीत? घरात सोळा भिंती आहेत. मला वाटतं पटतंय त्यांना.

लाईट अजून बंद आहे. भाऊ म्हणतोय मीटर वरच्या बाजूला आहे, बुडाला नाही, बोर्ड चार फुटांवर होते ते बुडाले, पण आता कोरडे दिसतायत, मेन चालू करून बघूया का?

वायरमन_मिरज | २१ ऑगस्ट २०१९

नाही!! मेनला हात लावायचा नाही. बोर्ड बाहेरून कोरडा दिसतो पण भिंतीतल्या पाईपमध्ये पाणी उभं असतं, आणि त्यात गाळ. मी या आठवड्यात अकरा घरं केली, प्रत्येक घरात पाईपमधून वायर ओढली की मागून चहासारखं पाणी आलं.

पद्धत अशी आहे की मेन बंद ठेवून सगळे बोर्ड उघडायचे, बुडालेले सॉकेट, स्विच, एमसीबी वाळवून परत वापरायचेच नाहीत, आत बारीक गाळ राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी ठिणगी पडते. वायरी ओढून पाईप मोकळे करून हवा मारायची, वायर चांगली असली तरी सांधे नवीन करायचे. मग मेगर (वायरीतून करंट गळतो का ते मोजणारं यंत्र) लावून प्रत्येक सर्किट तपासायचं, आकडा चांगला आला तरच ते सर्किट चालू. वरच्या बाजूचे पंखे-दिवे आधी चालू होतील, खालचे प्लग नंतर. पैसे जातील पण एक आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्याच, ओल्या भिंतीच्या घरात तो जीव वाचवतो, आणि अर्थिंगचा खड्डा गाळाने भरला असेल तो पण बघायला सांगा.

फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर यातलं काहीही लावून बघू नका. मोटर उघडून, धुऊन, वाळवून, वायंडिंग तपासून बरेचदा वाचते. चालू करून बघितली की जळते आणि मग वाचत नाही. शेगडी धुऊन वापरता येते पण बुडालेला रेग्युलेटर आणि रबरी नळी बदला, आणि सिलिंडर एजन्सीला दाखवल्याशिवाय जोडू नका.

पुणेकर_संदीप | २२ ऑगस्ट २०१९

माझं थोडं वेगळं मत आहे. एवढे महिने थांबण्यापेक्षा चार फुटांपर्यंत केमिकल वॉटरप्रूफिंग करून त्यावर टाइल्सचा डॅडो (भिंतीच्या खालच्या भागाला टाइल्सचा पट्टा) लावून टाका ना, पुढच्या वेळी पूर आला तरी धुतलं की झालं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असंच केलंय आणि मस्त टिकलंय.

चिरेबंदी | २२ ऑगस्ट २०१९

संदीपराव, पार्किंगची भिंत कोरडी असताना टाइल लावली म्हणून टिकली. इथे आत दोनशे लिटर आहे. चार फुटांपर्यंत वाट बंद केली तर ते पाणी वर चढून पाचव्या-सहाव्या फुटावर बाहेर पडणार, आज खाली ओल आहे ती उद्या पलंगाच्या उशाशी येईल. भिंत पूर्ण वाळल्यावर, पुढच्या वर्षी, स्वयंपाकघरात करायचं तर करा. तोवर नाही.

ताई, हवेबद्दल सांगायचं राहिलं. सगळे म्हणतात दारंखिडक्या चोवीस तास उघड्या ठेवा. आपल्याकडे ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओली असते, पाऊस चालू असताना उघडं ठेवून काही वाळत नाही, उलट बुरशी धरते. ऊन पडलं, वारं सुटलं की सताड उघडा, समोरासमोरच्या खिडक्या, आणि लाईट सुरू झाली की टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा म्हणजे आतली दमट हवा बाहेर फेकली जाईल, लोक पंखा भिंतीवर मारत बसतात त्याने दमट हवा खोलीतच फिरते. झिमझिम सुरू झाली की बंद करा. कुणाकडून डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र) भाड्याने मिळाला तर एक एक खोली घट्ट बंद करून लावा आणि त्याची बादली रोज मोजा, पाणी बघूनच माणसाला धीर येतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून भिंत वाळवायचा प्रकार मात्र कुणी करू नका. त्यातून न दिसणारा विषारी वायू निघतो, झोपेतच माणूस जातो.

घराला हौद असेल तर तोही सांभाळून. आजूबाजूची जमीन अजून पाण्याने फुगलेली आहे, हौद एकदम रिकामा केला तर बाहेरच्या दाबाने भिंत आत येते. तीन दिवसांत थोडा थोडा उपसा, मग घासून ब्लीचिंगने धुवा.

आणि गणपतीचं. माझ्याही घरी बसतो, त्यामुळे बाबांचं दुःख कळतं. त्यांना सांगा चुना मारूया. खरवडलेल्या भिंतीवर, उघड्या विटेवरसुद्धा, कळीचा चुना भिजवून, फडक्यातून गाळून, पातळ दोन हात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, पाणी त्यातून आरामात बाहेर येतं, बुरशीही धरत नाही लवकर. मारताना फिकट, मळकट दिसेल, वाळला की उजळतो. खर्च किरकोळ. फक्त चुना विरताना उकळतो आणि उडतो, डोळे सांभाळा, आईबाबांनी नाही, तरुण माणसाने करा.

वाशिष्ठीकाठ | २२ ऑगस्ट २०१९

मी चिपळूणची. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही घरात भोगलाय, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. भिंतीचं वर आलंच आहे, मी कागद आणि लाकडाचं सांगते कारण घाईत त्याचंच नुकसान होतं आणि ते परत विकत मिळत नाही.

ओले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढून सोडवू नका आणि तसेच वाळूही देऊ नका, वाळले की वीट होते. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवा, आपोआप सुटतात, मग चित्राची बाजू वर करून जुन्या सुती साडीवर पसरा. आईच्या लग्नाचा अल्बम मी असा वाचवला, एका फोटोत मामाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला फक्त, बाकी सगळे ओळखू येतात. घराची कागदपत्रं, सातबारा, पॉलिसी यांची पानं एकेक सुटी करून मध्ये कोरा टिपकागद घाला आणि पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. सगळं एका दिवसात करणं होत नसेल तर कुणाच्या तरी चालू फ्रीजरमध्ये पिशवीत घालून ठेवून द्या, बुरशी थांबते, नंतर सवडीने एकेक काढता येतं. हे मला फार उशिरा कळलं, तोवर बाबांच्या वह्या गेल्या होत्या.

सागवानी लाकूड सावलीत, चारी बाजूंनी हवा लागेल असं, ड्रॉवर काढून, हळूहळू. उन्हात टाकलं की तडकतं. ड्रॉवर अडकला असेल तर पुढून ओढू नका, मागची फळी खोलून मागून ढकला. प्लाय आणि पार्टिकल बोर्डच्या ट्रॉल्या मात्र सोडून द्या. गाद्या, उशा, धान्य, मसाले, डब्यातलं पीठ हे सगळं टाकायचं, झाकण घट्ट होतं तरी. आईला जड जाईल, तिच्याबरोबर बसून टाका.

टाकायच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो, आणि भिंतीवरच्या रेघेजवळ टेप धरून फोटो. पंचनामा झाला का? विमा असेल तर त्यांचा माणूस बघून जाईपर्यंत टाकू नका, निदान फ्रीजचा नंबरवाला स्टिकर तरी टिपून ठेवा. आणि घरात काम करताना गमबूट घाला, हातमोजे घाला. पायाला चिरा असतील तर लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाची) भीती असते, ताप आला तर अंगावर काढायचा नाही, पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं.

सांगलीची_लेक | ५ सप्टेंबर २०१९

तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं. रंगवाल्यांना नाही म्हटलं. भाऊ आणि मी सुट्टी टाकून आठ दिवस सांगलीत होतो, हॉल आणि देवघर डोक्याच्या वरपर्यंत खरवडलं, हॉलच्या एका भिंतीचं प्लॅस्टर सगळंच डबडब वाजत होतं ते पाडलं, मागे विटा अक्षरशः काळ्या दिसत होत्या पाण्याने. चुना मारला ३० तारखेला. पहिल्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत, इतकी कळा गेलेली भिंत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतात तर पांढरी. त्यांनी हात लावून बघितला आणि हाताला लागलेला चुना धोतराला पुसला.

गणपती बसला. पाट भिंतीपासून दोन हात पुढे ठेवला, मागे आईची पैठणी लावायचो दरवर्षी ती यंदा लावली नाही, भिंत झाकायची नाही म्हणून. दीड दिवसाचाच असतो आमचा. वरचे पंखे आणि तीन दिवे चालू झालेत, आरसीसीबी बसवला. आप्पा आरतीला येऊन गेले, जिन्याखालचा गाळ त्यांनीच शोधला, तिथे अर्धी बादली निघाला आणि खरंच वास निम्मा झाला.

आता पुढचं विचारते, भिंत वाळली हे कळणार कसं? मीटर मिळतो म्हणे ऑनलाईन दोन पिनांचा.

चिरेबंदी | ५ सप्टेंबर २०१९

वाचून बरं वाटलं. तो पिनांचा मीटर लाकडासाठी ठीक आहे, विटेत क्षार असले की तो कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो. साधा उपाय करा. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर चौकोन घ्या, भिंतीवर चारी कडा टेपने घट्ट चिकटवा, चोवीस तास ठेवा. काढताना आतल्या बाजूला थेंब किंवा धुकं दिसलं, किंवा मागची भिंत गडद दिसली, तर अजून पाणी येतंय. महिन्यातून एकदा, एकदा जमिनीजवळ, एकदा तीन फुटांवर, आणि तुलनेला एक जिथे पाणी पोचलंच नाही तिथे. तारीख पेन्सिलीने भिंतीवरच लिहून ठेवा, आईबाबा सहज करतील.

सांगलीची_लेक | ११ जानेवारी २०२०

धागा वर काढतेय कारण दोघातिघांनी मेसेज करून विचारलं. ऑक्टोबरभर पाऊस लांबला त्यामुळे दिवाळीपर्यंत काहीच फरक नव्हता, प्लॅस्टिक काढलं की पाणी ओघळायचं आणि मला वाटायला लागलं की आपलं चुकलं. डिसेंबरची थंडी आणि कोरडं वारं सुरू झालं तसं झपाट्याने बदललं. लोणा मात्र दर रविवारी, बाबा झाडतात, सुरुवातीला सुपलीभर निघायचा, आता चमचाभर.

परवाचा निकाल, तीन फुटांवर चौकोन कोरडा, आतून एकही थेंब नाही. जमिनीजवळ अजून धुकं येतं, हॉलच्या बाहेरच्या कोपऱ्यात थेंब. स्वयंपाकघरात ट्रॉल्या परत करत नाहीये, कडप्प्याचे उभे-आडवे खण टाकून घेतले, खालून सहा इंच मोकळे. प्लॅस्टर मार्चनंतर, रंग पाडव्यालाही नाही म्हणाले बाबा, खालचा कोपरा कोरडा होईपर्यंत नाही. देवघराच्या भिंतीवर त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने चार तारखा आहेत, पहिल्या तीनपुढे 'ओली' लिहिलंय आणि चौथीपुढे 'वर कोरडी, खाली जरा आहे'.